हुफूफमध्ये चिप जागी करताना

सौदी अरेबियात नोकरी केली म्हटलं की आपल्याकडे लोक आधी वाळवंटाबद्दल विचारतात आणि मग बुरख्याबद्दल. माझ्या नोकरीत वाळवंट खिडकीतूनसुद्धा दिसत नव्हतं. हुफूफ हे खजुराच्या बागांचं गाव, नजर जाईल तिथवर झाडंच. माझा नवरा इक्बाल तिथल्या खजूर पॅकिंगच्या कारखान्यात मशिनरी सांभाळायचा आणि मी मुलींच्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचे. दोघांनाही सगळ्यात जास्त छळलं ते खजुराच्या चिकाने.

तिथल्या नामी खजुराचं नाव खलास. आणि एखादी गोष्ट संपली, मिटली, तरी म्हणायचं खलासच. नोकरीला लागून चार दिवस झाले नसतील, एक प्राध्यापिका आली, लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "खलास!" मला वाटलं, मशीन मेलं. उघडून बघते तर चांगलं चालू. ती मात्र कीबोर्डकडे बोट करून "खलास, खलास" म्हणतेय. शेवटी माझी सहकारी बदरिया हसत उठली, तिने लॅपटॉप उलटा धरून आपटला, तेव्हा बटणांमध्ये रुतून बसलेला अर्धा खजूर बाहेर पडला. बाई खूश होऊन गेल्या. जाताना मला चांगल्या खजुराचा डबा देऊन गेल्या.

बदरिया तिथलीच, हुफूफच्या अल-अहसा भागातली. कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, जोरात हसणारी, त्याहून जोरात भांडणारी. माझ्या मुलीचं नाव झोया, म्हणून मी तिच्यासाठी 'उम्म झोया', झोयाची आई. आम्ही दोघी मिळून बायकांच्या बाजूचा कॉम्प्युटर विभाग. कॉलेजच्या मधोमध उंच भिंत होती. पलीकडे पुरुषांची बाजू, तिथे मोठा सर्व्हर आणि मोठे साहेब. अलीकडे मुली, प्राध्यापिका आणि आम्ही. आत आलं की अंगभर काळा अबाया खुंटीला अडकवायचा आणि मोकळ्या कपड्यांत दिवसभर वावरायचं. पलीकडच्या एखाद्या मेकॅनिकला यायचंच झालं तर आधी घंटा वाजायची, मग चौकीदारीण ओरडत पुढे चालायची, "पुरुष येतोय!" आणि सगळ्याजणी अबाये शोधत पळायच्या. एक प्रिंटर दुरुस्त करायला अर्धा दिवस मोडायचा. म्हणून आमचा विभाग होता.

पलीकडे आमच्याशी बोलणारा एकच माणूस, नावेदभाई. हैदराबादचा. कित्येक वर्षं आम्ही रोज फोनवर एकत्र काम केलं. त्याला मी कधी पाहिलं नाही. नोकरी सोडून तो मायदेशी गेला तेव्हासुद्धा निरोप फोनवरच झाला. आज रस्त्यात समोर आला तर मी ओळखणार नाही, आवाज मात्र कुठेही ओळखेन. ही चुटपुट राहिली ती राहिलीच.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र डॉ. मुनीरांच्या गाडीपासून सुरू होते.

डॉ. मुनीरा आहारशास्त्र शिकवायच्या. शांत बाई, मुलींवर जीव. एका संध्याकाळी त्या कैसरिया बाजारात गेल्या. ड्रायव्हर पाण्याची बाटली आणायला उतरला तेवढ्यात कोणीतरी काच फोडून मागच्या सीटवरचा लॅपटॉप नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या खोलीत आल्या त्या भिंत धरून.

"शमीम, पासवर्ड होता ना त्याला?"

होता. पण पासवर्ड म्हणजे काय, हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं, आणि तसं वाईट काम मी क्वचितच केलं असेल. पासवर्ड म्हणजे पुढच्या दाराचं कुलूप. लॅपटॉप उघडून आतली हार्डडिस्क काढली, दुसऱ्या मशीनला लावली की आतलं सगळं सामान उघड्यावर. पुढच्या दाराची गरजच पडत नाही.

"त्यात मुलींचे फोटो आहेत," त्या म्हणाल्या. "वार्षिक समारंभाचे."

बायकांच्या कार्यक्रमातले फोटो. उघडे चेहरे, नटलेल्या मुली, नाच. आपल्याकडे असे फोटो लग्नाच्या अल्बममध्ये चारचौघांत फिरतात. तिथे एखाद्या घरावर आभाळ कोसळू शकतं. बातमी लपली नाही. मुलींचे बाप फाटकाशी आले. प्राचार्याबाई पडद्याआडून त्यांच्याशी बोलल्या, डॉ. मुनीरा त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. पुढे ते फोटो कुठे दिसल्याचं कधी कानावर आलं नाही. पण नूरा नावाची एक हुशार मुलगी, जी आमच्या खोलीत येऊन बदरियाकडून प्रोग्रॅमिंग शिकायची, तिला तिच्या बापाने कॉलेजातून काढलं. ती परत आली नाही. बदरियाने दोन-तीनदा फोन लावला. मग फोन लागेनासा झाला.

त्यानंतर पलीकडून हुकूम आला. पलीकडचे प्रमुख फहद, सगळे त्यांना मुहंदिस म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर. स्वभावाने कडक, पण कामाला पक्का माणूस. त्यांनी ठरवलं की प्राध्यापिकांसाठी नवीन लॅपटॉप घ्यायचे आणि डिस्कला कुलूप लावल्याशिवाय एकही बाहेर द्यायचा नाही. हे कुलूप म्हणजे डिस्कवरचं सगळं सांकेतिक भाषेत लिहून टाकायचं. डिस्क काढून नेली तरी चोराला नुसता कचरा दिसतो. आणि कुलपाची किल्ली राहते मशीनमधल्याच एका छोट्या सुरक्षा चिपमध्ये, नखाएवढ्या. ती चिप आपलंच मशीन ओळखते आणि मगच किल्ली देते.

नवीन लॅपटॉपांचे खोके आले आणि आमची मोठी खोली गच्च भरली. प्रत्येकावर हाताने सगळं बसवत बसलो असतो तर टर्म संपली असती. म्हणून ते आपोआप व्हायचं. लॅपटॉप केबलला लावायचा, चालू करायचा. भिंतीखालून आलेल्या त्या केबलवरून पलीकडच्या सर्व्हरशी तो बोलतो आणि एकेक पायरी स्वतः चढत जातो. आधी डिस्क साफ, मग ऑपरेटिंग सिस्टिम, मग प्रिंटर वगैरेची सोय, मग कॉलेजचे प्रोग्रॅम. मधूनमधून स्वतःच बंद होतो, स्वतःच चालू होतो. माणसाने हात लावायचा नाही. पायऱ्या नावेदभाईने रचल्या होत्या. आता त्यात दोन वाढल्या. चिप जागी करायची, कारण कारखान्यातून ती झोपलेलीच येते, आणि मग तिच्याकडे किल्ली देऊन डिस्कला कुलूप घालायचं. नावेदभाईने पलीकडे काही मशीन करून पाहिली. सगळी उत्तम झाली.

मग आमची पाळी. पहिली रांग लावली, चालू केली आणि आम्ही नेहमीप्रमाणे प्राध्यापिकांच्या तक्रारींमागे पांगलो. परत येऊन पाहतो तर रांगेतल्या प्रत्येक पडद्यावर लाल चौकट. शेवटची पायरी अडली, चिप तयार नाही.

"केबल बघा, आपा," नावेदभाई म्हणाला. केबल बदलल्या. पुन्हा लाल. वीज बघितली, पुन्हा लाल. मी आमचं अडलेलं एक मशीन खोक्यात घालून चौकीदाराच्या हाती पलीकडे पाठवलं. नावेदभाईने त्याच पायऱ्या चालवल्या. मशीन झालं. मग त्याने स्वतःचं एक झालेलं मशीन इकडे पाठवलं. आम्ही ते पूर्ण पुसून पहिल्यापासून चालवलं. तेही झालं! म्हणजे नावेदभाईच्या हातून गेलेलं मशीन कुठेही चालतं, आणि आमच्या हातून सुरू झालेलं कोरं मशीन चालत नाही.

बदरिया म्हणाली, "त्याच्या हाताला बरकत आहे, उम्म झोया. आपल्या नाही."

मुहंदिस फहदनी बरकतीचा विचार केला नाही. त्यांनी फोन केला. सभ्य माणूस, मला मानाने 'उस्ताझा', म्हणजे बाई, म्हणायचे, आवाज चढला नाही, पण बोलणं सरळ.

"उस्ताझा शमीम, टर्म उघडायला आली. मशीन चांगली आहेत, पायऱ्या चांगल्या आहेत. मी सगळे लॅपटॉप इकडे मागवून घेतो. इथली मुलं करतील."

"आणि आम्ही?"

"तुम्ही घ्यायचे आणि वाटायचे. त्याला दोन इंजिनिअर कशाला हव्यात, हे पुढे बघू."

'पुढे बघू'चा अर्थ मला कळला. बदरियाला लायब्ररीत टाकायचं आणि माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, तो तर याच कामाच्या नावावर. घरी येऊन इक्बालला सांगितलं तेव्हा तो चहा ओतता ओतता थांबला. म्हणाला, "आमच्याकडे एखादं मशीन माझ्या हातात चालतं आणि दुसऱ्याच्या हातात अडतं ना, तेव्हा मी त्याला विचारत नाही काय केलंस. विचारून माणूस सगळं सांगत नाही. मी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो."

मी म्हटलं, "मी नावेदभाईच्या बाजूला कशी उभी राहू? मध्ये भिंत आहे."

पण डोक्यात ते राहिलं. सकाळी मी नावेदभाईला फोन लावला आणि मुद्दाम मूर्खासारखं विचारलं, "तुम्ही मशीन चालू केल्यावर काय काय करता, अगदी पहिल्यापासून सांगा."

"कुछ नहीं, आपा. चालू करता हूँ और बैठा रहता हूँ."

"तिथेच? पूर्ण वेळ?"

"एसी उसी कमरे का अच्छा है ना. चाय पीता हूँ."

तो बसतो. आम्ही बसत नव्हतो. फरक एवढाच दिसत होता, आणि तो तर फरक म्हणावा इतकाही नव्हता. जी गोष्ट आपोआप होते तिच्यासमोर माणूस बसला काय आणि नसला काय? तरी मी बदरियाला सांगितलं, आज प्राध्यापिकांच्या तक्रारी तू बघ. एक कोरा लॅपटॉप केबलला लावला, खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसले.

डिस्क साफ झाली. डोळ्यांना पाणी आलं, पण मी नजर हलवली नाही. बदरिया मधूनच डोकावून म्हणाली, "काय, त्याला शाळेत घालायला आलीस?" मी नुसता हात हलवला. चिप जागी करायची पायरी गेली. मशीन स्वतःहून बंद झालं आणि पुन्हा चालू झालं. आणि चालू होताना, ऑपरेटिंग सिस्टिम यायच्याही आधी, काळ्या पडद्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत चार ओळी आल्या. सुरक्षा चिपची स्थिती बदलायची मागणी आली आहे. मान्य असेल तर हे बटण दाबा, नसेल तर ते.

मी मुद्दाम हात मांडीवर ठेवले. बटण दाबलं नाही. पडदा थोडा वेळ तसाच राहिला, मग ओळी गेल्या आणि मशीन मुकाट पुढच्या पायरीला लागलं. कोणी उत्तर दिलं नाही, म्हणजे नकार, असं त्याने धरून घेतलं होतं. शेवटी लाल चौकट आली. अर्थात येणारच होती.

मी फोन उचलला. "नावेदभाई, मशीन परत चालू होताना तुम्ही एक बटण दाबता?"

"कौनसा बटण?" तो म्हणाला. मग, "अरे आपा... वो जो पूछता है? हाँ, दबाता हूँ. वो तो हर मशीन कुछ ना कुछ पूछती है, मैं दबा देता हूँ!"

बरकत खरोखर त्याच्या हातातच होती, नेमकी एका बोटात. तो एवढा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. आणि हसून झाल्यावर स्वतःहून म्हणाला, "मुहंदिसना मी सांगतो. चूक माझी धरा, मी लिहायलाच विसरलो." असा माणूस.

एकदा चिप जागी झाली की मशीन पुन्हा विचारत नाही. म्हणूनच त्याने पाठवलेलं मशीन आमच्याकडे पुसूनही चाललं होतं. सगळं जुळलं.

त्या चिपचा मला राग आला नाही, उलट कौतुक वाटलं. हा प्रश्न तिने मुद्दामच ठेवलेला असतो. कोणी लांबून, केबलवरून, मालक असल्याचं सोंग घेऊन हुकूम देईल. म्हणून ती म्हणते, समोर या, बटण दाबा, मग बघू.

मुहंदिस फहदना कळलं तेव्हा ते म्हणाले, "छान. मग प्रत्येक मशीनसमोर एकेक मुलगी बसवा आणि बटण दाबा. यल्ला, चला लवकर."

तसं करता आलं असतं. टर्म वेळेवर उघडली असती आणि कोणी काही बोललं नसतं. पण मला ते पटेना. एक नवीन प्राध्यापिका आली, एक मदरबोर्ड बदलला की पुन्हा खुर्ची, पुन्हा डोळे लावून बसणं. एखादीचं लक्ष चुकलं की एक मशीन बिनकुलपाचं बाहेर. मुनीराबाईंचा भिंत धरलेला हात मी विसरले नव्हते. मी म्हटलं, "मुहंदिस, दोन दिवस द्या. माणसाशिवाय करून दाखवते."

"टर्मच्या आदल्या दिवसापर्यंत," ते म्हणाले. "नाहीतर मुली बसवायच्या."

प्रश्न विचारायचाच नाही, असं चिपला सांगायची सोय लॅपटॉपच्या बायोसमध्ये होती. बायोस म्हणजे मशीनच्या मुळाशी असलेलं सेटिंग, ऑपरेटिंग सिस्टिमच्याही खालचं. मी आनंदाने ती आज्ञा पायऱ्यांत घातली. चालवली. आज्ञा बिनतक्रार गेली आणि प्रश्न पुन्हा आला! पुन्हा चालवली. पुन्हा प्रश्न. मशीन माझं ऐकल्यासारखं करत होतं आणि ऐकत नव्हतं. झोयासारखं, ती तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि मी मराठीत रागावले की इंग्रजीत "येस ममा" म्हणून आपलंच करायची.

मग बदरिया येऊन बसली. तिने आज्ञा बाजूला ठेवली, हाताने बायोस उघडला आणि नुसती बघत राहिली.

"उम्म झोया, ही ओळ फिकी आहे."

"कुठली?"

"ही. 'विचारू नका'वाली. बाकीच्या काळ्या आहेत, ही करडी. हिला हातच लावता येत नाहीय."

मी मान पुढे करून पाहिलं. खरंच फिकी होती. मी त्या पडद्यावरून किती वेळा गेले होते, रंगाकडे पाहिलंच नव्हतं. बदरियाने वर-खाली फिरून बघितलं, एका ठिकाणी बायोसचा स्वतःचा पासवर्ड लावायची जागा होती, रिकामी. तिने तिथे काहीतरी टाकलं. त्याच क्षणी ती फिकी ओळ काळी झाली.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

म्हणजे चिपचं म्हणणं असं होतं: समोर माणूस नको असेल तर निदान मालक तरी सिद्ध करा. आधी मशीनला मालकाचा पासवर्ड लावा, मग त्या पासवर्डासकट हुकूम द्या, मग मी विचारणार नाही. किती रास्त! पासवर्ड आधी, परवानगी नंतर, असा क्रम लावला. चालवलं. प्रश्न आला नाही. मी टाळी वाजवली. आणि शेवटी पुन्हा लाल चौकट.

बदरियाने अरबीत जे म्हटलं त्याचं मराठी करत नाही.

या वेळी तिघांनी मिळून डोकं लावलं. नावेदभाई तिकडे, आम्ही इकडे, फोन टेबलावर उघडा. मी म्हटलं, चिप आता चालू दाखवतेय, पण कामाला लागलेली नाही. नावेदभाई म्हणाला, "चालू होना अलग है आपा, काम पे लगना अलग. हमारे ऑफिस में देखो ना." हसलो, पण तेच होतं. चिप चालू करणं आणि कामाला लावणं हे दोन वेगळे हुकूम. आम्ही ते एकापाठोपाठ एक देत होतो. ती पहिला ऐकत होती, आणि मशीन एकदा बंद होऊन चालू झाल्याशिवाय दुसरा तिच्या कानात शिरत नव्हता. नावेदभाईने दोन्हींच्या मध्ये एक बंद-चालूची पायरी घातली. आम्ही एका मशीनवर चालवलं, दोघी समोर बसून, हात पाठीमागे बांधून. प्रश्न नाही. लाल नाही. डिस्कला कुलूप लागायला सुरुवात झाल्याची छोटी पट्टी आली आणि सरकायला लागली.

पण एक मशीन म्हणजे काहीच नाही. टर्मच्या आदल्या दिवशी खोलीतले सगळे उरलेले लॅपटॉप आम्ही रांगांमध्ये लावले, टेबलांवर, टेबलांखाली, खिडकीच्या कठड्यावरसुद्धा. सगळे एकदम चालू केले. एसी रडायला लागला. मग दुपारच्या, जोहरच्या नमाजची वेळ झाली, आणि मी खोलीला कुलूप लावून किल्ली चौकीदारिणीकडे दिली.

"बसायचं नाही?" बदरियाने विचारलं.

"नाही. कोणीच नाही. तरच खरं."

नमाज झाली, जेवण झालं. मी ताट बाजूला सारलं. बदरिया माझ्या ताटातला कब्साचा भात खाऊन मोकळी झाली. वाटेत प्राचार्याबाई भेटल्या, त्यांना कसं कळलं कोण जाणे, त्याही बरोबर चालू लागल्या. त्यांच्या मागे दोन-चार प्राध्यापिका. डॉ. मुनीरा शेवटी होत्या.

कुलूप काढलं. दार ढकललं. खोलीभर पडदेच पडदे, आणि प्रत्येकावर कॉलेजचं तेच निळं चित्र आणि खाली तेच छोटं कुलूप. मी रांगारांगांतून फिरले. वाकून टेबलांखाली पाहिलं. कुठेच लाल नाही. खिडकीच्या कठड्यावरचा कोपऱ्यातला एक अजून वळवळत होता. आम्ही सगळ्या त्याच्याभोवती जमलो, लग्नाच्या घरात उशिरा येणाऱ्या वरातीची वाट बघावी तशा. पट्टी सरकली, सरकली, आणि कुलूप आलं.

बदरियाने जीभ वाजवत असा लांब आनंदाचा सूर काढला, तिथल्या बायका लग्नात काढतात तसा, की प्राचार्याबाई दचकल्या आणि मग त्यांनीही काढला. मग सगळ्यांनी. मी नावेदभाईला फोन लावला होता, तो तिकडून ओरडत होता, "क्या हुआ आपा, किसकी शादी है?" डॉ. मुनीरा जवळ आल्या आणि एका लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. नंतर पाहते तर टेबलावरची साठलेली धूळ त्या रुमालाने पुसत होत्या.

दुपारी मुहंदिस फहदचा फोन आला.

"उस्ताझा, किती अडली?"

"एकही नाही."

"बटण कोणी दाबलं?"

"कोणीही नाही. खोलीला कुलूप होतं. किल्ली चौकीदारिणीकडे होती, तिला विचारा."

मग म्हणाले, "उद्यापासून तुमच्या पायऱ्या आम्हीही वापरू. नावेदला सांगतो, आपल्या जुन्या काढून टाक." आणि फोन ठेवताना, "बदरियाला सांगा, लायब्ररीला दुसरं कोणी शोधावं लागेल." एवढंच आमचं कौतुक झालं. आम्हाला पुष्कळ होतं.

पुढे बरंच बदललं. नावेदभाई गेल्यानंतर मधल्या भिंतीतली दारं उघडली, घंटा बंद झाली, नवीन लॅपटॉपांतली चिप कारखान्यातूनच जागी होऊन येऊ लागली. मग हे शिकवायला गेलं तर नवीन मुली कंटाळायच्या. मी नोकरी सोडून दापोलीला परत येण्याआधीची मात्र एक आठवण सांगायलाच हवी.

इंग्रजी शिकवणाऱ्या डॉ. समर मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला गेल्या होत्या. येताना जेद्दामध्ये टॅक्सीत त्यांची बॅग राहिली, लॅपटॉपसकट. त्या आमच्या खोलीत येऊन बसल्या, आणि रडण्याच्या बेतात होत्या. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, मशीन गेलं, माहिती गेली नाही, कोणाला काही दिसणार नाही. त्यांचा विश्वास बसत नव्हता. तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो, ये कॉलेज का नंबर है? लॅपटॉप के नीचे स्टिकर है." पुरुषाचा आवाज, थकलेला. जेद्दाच्या अल अझीझिया भागात त्याचं मोबाईल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. एक गिऱ्हाईक मशीन उघडून द्या म्हणून देऊन गेलं होतं. पासवर्ड विचारला तर आठवत नाही म्हणालं. "मेरे को शक आया. चोरी का माल होगा तो मेरा इकामा जाएगा."

त्याचं हिंदी ऐकून माझे कान टवकारले. मी मराठीत विचारलं, "तुम्ही कोकणातले का हो?"

"मी गुहागरचा. तुमी?"

"दाभोळची. दापोली तालुका."

"अगो आई! खाडीच्या पलीकडची!" त्याचा आवाजच बदलला. "बाय, खरं सांगतो, आधी मी उघडायला बघितलं. गिऱ्हाईक म्हणालं म्हणून. पेन ड्राइव्ह लावून बघितलं, नाय. डिस्क काढून माझ्या मशीनला लावली, नुसता कचरा. अठरा प्रकार केले. या गल्लीत माझ्याकडे उघडलं नाय असं मशीन आलं नव्हतं. कोणी बंद केलंय हो हे?"

मी बदरियाकडे पाहिलं. तिला मराठी येत नव्हतं, पण माझा चेहरा बघून ती उठून उभी राहिली.

"आम्ही दोघींनी," मी म्हटलं.

"मग एक सांगा, आपल्या गावची म्हणून. कोणाला नाय सांगणार. याच्यात शिरायची वाट कुठनं आहे?"

"वाट नाहीच, भाऊ."

"अजिबात नाय?"

"अजिबात नाही."

तो खळखळून हसला. म्हणाला, "मग पॅक करून पाठवतो, बाय. हरलो मी."

मी फोन खाली ठेवला आणि डॉ. समरना त्यांच्या भाषेत सांगितलं, की जेद्दाच्या एका चांगल्या कारागिराने पूर्ण प्रयत्न करून पाहिला आहे आणि त्याला काहीही मिळालेलं नाही. त्या रडल्याच, पण हसत.